बॅगेखालचा हात

गाव सोडलं त्या दिवशी मला रडू आलं नाही, राग आला होता. मूर्तिजापूरच्या आमच्या घरापासून स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे. मी पुढे, बाबा मागे, आणि माझ्या खांद्यावर ती निळी बॅग. तिचा पट्टा पहिल्या वळणावरच रुतायला लागला होता. बाबांनी बॅग दोनदा मागितली, मी दिली नाही. एकटी निघालेय तर बॅगही एकटीच नेईन, असा माझा तोरा. मग बाबांनी काय करावं? मागून चालता चालता बॅगेच्या बुडाला हात लावून ती उचलून धरली, माझ्या खांद्यावरचा भार कमी व्हावा म्हणून. पण त्यांची चाल आणि माझी चाल काही जुळेना. त्यांचा हात पुढे यायचा, बॅग माझ्या कमरेवर आपटायची आणि मी अडखळायची. रस्त्यावर ओळखीची माणसं बघत होती.

“बाबा, सोडा ना. मला चालता येत नाही.”

“तू पुढं पाह्य. माह्या हाताकडे काहून पाह्यतं?”

बाबा जिनिंग फॅक्टरीत काट्यावर होते. कापसाच्या गाड्या काट्यावर घ्यायच्या आणि वजन सांगायचं, हेच काम त्यांनी आयुष्यभर केलं. त्यामुळे हाताशी आलेली कुठलीही वस्तू तोलून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. बाजारातला भोपळा, गॅसची टाकी, बारशाला गेलं की पाळण्यातलं बाळ. स्टेशनवर त्यांनी बॅग अखेर माझ्याकडून घेतलीच, वर-खाली केली आणि म्हणाले, “अठरा किलो. काय भरलं वं यात एवढं?” निम्मी बॅग आईनं तूरडाळ आणि हळदीनंच भरली होती, हे त्यांना चांगलं माहीत होतं. आई दारातूनच आत वळली होती. गाडी आली, मी खिडकीतून हात केला. बाबा दोन्ही हात एकमेकांवर झटकत उभे होते, कारण बॅगेच्या बुडाची धूळ त्यांच्या हाताला लागली होती.

हे लिहितेय ते आमच्या गल्लीतल्या तुम्हा सगळ्यांसाठी. दिवाळीला आले की तुम्ही विचारता, ‘कोनत्या शाळेत हाय वं तू?’ आणि मी ‘सगळ्याच’ म्हटलं की हसता. थोडं त्यांच्यासाठीही लिहितेय, जे माझ्यासारखे बॅग उचलून पुण्याला, सुरतेला, दुबईला गेले आणि आता दोन्हीकडे पाहुणे झालेत.

तर मला शाळा नाही. मी फिरती शिक्षिका आहे. ज्या मुलांना ऐकू येत नाही किंवा कमी येतं आणि जी साध्या शाळेत इतर मुलांबरोबर बसतात, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जायचं, हे माझं काम. सोमवारी नाशिक रोड, मंगळवारी पिंपळगाव बसवंत, गुरुवारी पार पेठच्या पलीकडे डोंगरात. बाबा याला ‘कानाचं काम’ म्हणतात. बॅगेत आरसा, चित्रांची कार्डं, श्रवणयंत्राचे सेल आणि कानातला साचा साफ करायचा छोटा रबरी फुगा. मूल आणि मी शाळेच्या व्हरांड्यात बसतो, नाहीतर खिचडी शिजते त्या खोलीत. मुख्याध्यापक विचारतात, “मॅडम, चहा?” आणि चहा येईपर्यंत माझी निघायची वेळ झालेली असते. जिल्ह्यातल्या किती शाळांमध्ये मी न प्यायलेला चहा निवला असेल, देव जाणे.

मी उतरले ते नाशिक रोड स्टेशनवर, आणि राहिले तीही नाशिक रोडलाच. तेव्हा वाटलं होतं, ही तात्पुरती खोली, पुढे शहरात कुठेतरी चांगली जागा बघू. अजून बघतेच आहे. खोल्या बऱ्याच बदलल्या, पण स्टेशनवरची घोषणा ऐकू येणार नाही इतक्या लांब कधी गेले नाही. पहिल्या घरमालकीणबाईंचे यजमान नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. त्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून चपलांच्या ओळीपर्यंत सगळं जागच्या जागी. मी ‘काहून’ म्हटलं की काकू तोंडाला पदर लावून हसायच्या. आता मूर्तिजापूरला मी ‘कशाला’ म्हटलं की आई हसते. दोन्हीकडे हशा पिकवायची सोय मी करून ठेवली आहे.

माझा पाय म्हणून कुठे ठरत नाही. रविवारी कपडे वाळत घातले की घरात बसवत नाही. स्कुटी काढून गंगेवर, म्हणजे गोदावरीवर जाते, तिथे घाटावर माणसांची गर्दी बघून कंटाळते आणि परत येते. मूर्तिजापूरला गेले की तिसऱ्या दिवशी नाशिक दिसायला लागतं. आणि गुरुवारी एसटी सावळघाट चढायला लागली की उगीचच मूर्तिजापूरचा प्लॅटफॉर्म डोळ्यासमोर येतो. आईचं यावर एकच वाक्य आहे, “आली नाही तं निघाली.” ते ती भांडी घासताना म्हणते, माझ्याकडे न बघता.

न बघता बोललेलं मला आता चालत नाही, हीसुद्धा एक खोड लागली आहे. दिवसभर ज्यांच्याशी बोलते त्यांना पाठीमागून मारलेली हाक पोचत नाही. समोर जायचं, उजेडाकडे तोंड करायचं, नजर मिळाली की मगच सुरुवात. घरी गेले तरी मी तेच करते. आईला बोलवायला टेबलावर थाप मारते, हवेत हात हलवते आणि ती बोलायला लागली की तिच्या ओठांकडे टक लावून बघते. एकदा ती वैतागून म्हणाली, “काय वं, दातात काई अडकलं का माह्या?”

आता मंजुळाबद्दल सांगते, कारण मला जे सांगायचंय ते तिच्यामुळेच सुचलं.

मंजुळा मला पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत भेटली, तेव्हा ती चौथीत होती. तिचे दोन्ही कान जन्मापासून बंद, यंत्राचाही उपयोग नाही. गुरुजींनी मोठ्या कौतुकानं तिची वही दाखवली. फळ्यावरचं प्रत्येक अक्षर उतरवलेलं, वळणदार, एक खाडाखोड नाही. “हुशार आहे पोर,” गुरुजी म्हणाले. हुशार होतीच. पण त्या भरलेल्या वहीतल्या एकाही शब्दाचा अर्थ तिला माहीत नव्हता. ‘बैल’ हा शब्द ती सुरेख लिहायची आणि खिडकीबाहेर बैल उभा असायचा, पण दोघांचा काही संबंध आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. न ऐकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे फार होतं. अक्षर चांगलं असलं की सगळे निर्धास्त असतात.

आणि तरी पाड्यावर मंजुळा मुकी नव्हती. तिची आई सोनीबाई आणि ती, दोघींनी मिळून खुणांची एक भाषा केली होती आणि ती सगळ्या पाड्याला येत होती. सोनीबाईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत, म्हणून हनुवटीवर तीनदा बोट टेकवलं की सोनीबाई. मंजुळाच्या भुवईवर लहानपणी पडल्याची खूण आहे, म्हणून भुवईवर बोट फिरवलं की मंजुळा. पाणी, नागली, ताप, भांडण, शेजाऱ्याचा लंगडा बैल, सगळ्याला खूण होती. फक्त पाड्याच्या बाहेर ती कुणालाच कळत नव्हती. मी शहरातल्या शाळांत चालणाऱ्या खुणा घेऊन जायची. मंजुळा त्या हावरटासारख्या उचलायची आणि पुढच्या गुरुवारपर्यंत त्या वापरायला तिला कुणी मिळायचं नाही. आठवड्यातला एक तास बोलायचं, बाकीचा आठवडा गप्प, असं तिचं शिक्षण चाललं होतं. मला त्या एका तासाची लाज वाटायची आणि तो संपला की सुटल्यासारखंही वाटायचं.

द्राक्षाच्या हंगामात ही माणसं पिंपळगावकडे कामाला उतरतात. मंजुळा सातवीत असताना एका मंगळवारी मी हायवेच्या कडेनं स्कुटीवरून चालले होते. एका बागेच्या तोंडाशी टेम्पो भरत होते आणि क्रेट उचलणाऱ्या बायकांमध्ये मला सोनीबाई दिसली. पण मला आधी पाहिलं ते मंजुळानं. तिनं लांब उभ्या असलेल्या आईला एक खूण केली. एक मूठ खांद्यावर, पट्टा सावरल्यासारखी, आणि मान झटकन रस्त्याकडे. सोनीबाईनं लगेच वळून माझ्याकडे पाहिलं. मी स्कुटी थांबवली.

“ही कसली खूण?”

सोनीबाई हसू दाबत म्हणाली, “तुमचा नाव हाय तो, बाई. समद्या पोरांनी तोच धरलाय.”

ऐकू न येणारी मुलं नाव ठेवतात ते डोळ्यांना दिसेल त्यावरून. कुणाचं पोट, कुणाचा चष्मा, कुणाची सारखी नाक ओढायची सवय. मन राखायची भानगड नसते आणि त्यात वाईटही काही नसतं. पण माझ्यात त्यांना माझं नाक दिसलं नाही, टिकली दिसली नाही, मी शिकवते तेही दिसलं नाही. बॅग सावरत, एसटी आली का ते खिडकीतून बघणारी बाई दिसली. मी सोनीबाईसमोर हसले. पुढे टोलनाक्यापर्यंत हसतच होते. मग स्कुटी बाजूला घेऊन जरा वेळ उभी राहिले. आई भांडी घासताना जे म्हणते तेच या पोरांनी एका खुणेत म्हटलं होतं.

त्याच उन्हाळ्यात मी सोनीबाईकडे विषय काढला. नाशिक शहरात न ऐकणाऱ्या मुलींची एक निवासी शाळा आहे. तिथे शिक्षिका खुणांनी शिकवतात, मुली खुणांनी भांडतात, खुणांनी चहाड्या करतात. मंजुळानं तिथे जावं असं मला वाटत होतं. तिचे वडील म्हणाले, “तिच्या आईला इचारा,” आणि बैलाला पाणी दाखवायला निघून गेले. सोनीबाई ओट्यावर नागली पाखडत होती. मंजुळा आमच्या तोंडांकडे बघत बसलेली.

“तिथं समद्या तिच्यासारख्याच?”

“सगळ्या.”

“मंग गमंल तिला तिथं,” सोनीबाई म्हणाली. “लय गमंल.”

मुलगी तिथे रडेल, उपाशी राहील, अशी भीती आया बोलून दाखवतात, आणि त्यावर द्यायची उत्तरं मला पाठ आहेत. मुलगी तिथे रमेल, ही भीती मी पहिल्यांदाच ऐकत होते. सोनीबाईनं सूप खाली ठेवलं.

“बाई, तुमी बी घर सोडून आल्या ना? जाता का माघारी?”

“जाते की. दिवाळीला. उन्हाळ्यात.”

“ऱ्हायला?”

माझा हात खांद्यावरच्या पट्ट्याकडे गेला होता आणि मान रस्त्याकडे वळली होती. मंजुळानं ते पाहिलं आणि ती खुदकन हसली, कारण मी माझंच नाव घेतलं होतं. सोनीबाई हसली नाही. तिनं सूप परत उचललं, बराच वेळ पाखडलं आणि मग म्हणाली, “न्या तिला.”

परतीच्या एसटीत मला धड बसवेना. मुलगी शिकली पाहिजे हे खरं, पण एका आईकडून तिचं सगळं बोलणं काढून घेऊन मी शहरात नेत होते. पाड्यावर मंजुळाशी नीट बोलणारं माणूस म्हणजे सोनीबाई, तसं सोनीबाईचंही जिवाभावाचं बोलणं मंजुळाशीच. ती परत येईल का, हा प्रश्न तिनं मला विचारला होता, आणि विचारायला तिला मीच सापडले होते.

जूनमध्ये मंजुळा आली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी वसतिगृहाच्या ताईंचा फोन आला, “तुमची मुलगी बॅग भरून फाटकाशी उभी आहे. मारते-ओरडते असं काही नाही. हसतेय. पण आत यायला तयार नाही.” मी स्कुटी काढून गेले.

मंजुळा खरंच हसत होती. पाठीवर बॅग, वेण्या घट्ट, पायात चपला. मला बघून तिनं धडाधड सांगायला सुरुवात केली. आज खूप मजा आली. खूप बोललो. या मुलीशी, त्या मुलीशी, त्या मॅडमशी. मग तिनं बॅग सावरली आणि ‘चला’ म्हणाली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला घराची ओढ लागली नव्हती. तिच्या आयुष्यात खुणांचं बोलणं आठवड्यातून एकदा यायचं आणि संपायचं. ते संपलं की बॅग उचलायची, हे तिनं माझ्याकडूनच पाहिलं होतं. आजचा दिवस जरा मोठा होता, पण संपला, असं तिनं धरलं होतं.

मी सांगितलं, उद्यापण आहे. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “उद्या?” हो. “या मुली? उद्यापण?” हो. “परवा?” परवापण. तिनं फाटकाच्या आतल्या मुलींकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मग बॅग पाठीवरून काढली, जमिनीवर ठेवली आणि तिथेच तिच्यावर बसली. मी तिला चौथीपासून शिकवत होते, पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही कधी पाहिलं नव्हतं. परत जाताना मी भर रस्त्यात रडले, हेल्मेट होतं म्हणून बरं.

महिन्याभरात तिला तिथे नवं नाव मिळालं. दोन्ही वेण्यांची टोकं धरून खाली ओढली की मंजुळा. मी हे गुरुवारी पाड्यावर गेले तेव्हा सोनीबाईला सहज सांगितलं. मला वाटलं, तिला गंमत वाटेल. ती चुलीजवळून उठली, आपल्या भुवईवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “ह्यो नाव नाय चालत का तिथं?” मी म्हटलं, चालतं की, घरी चालतंच. ती परत चुलीकडे वळली. मी निघताना तिनं एरवीसारखी वाटेपर्यंत सोबत केली नाही.

भाताची आवणी, म्हणजे लावणी, संपल्यावर मीच तिला म्हटलं, चला, भेटून येऊ. ती पहाटेच्या एसटीनं आली. मी जुन्या सीबीएस बसस्थानकावरून तिला स्कुटीवर घेतलं. फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकरी तिनं वाटभर मांडीवर घट्ट धरल्या होत्या. मलाही धीर नव्हता. तिथल्या मुलींचे हात इतके भराभर चालतात की नव्या माणसाला भोवळ येते. सोनीबाई तिथे परक्या मुलुखात आल्यासारखी उभी राहणार, लेक काय बोलते ते मी तिला समजावून सांगणार, आणि स्वतःच्या लेकीचं बोलणं दुसरीच्या तोंडून ऐकायची पाळी तिच्यावर येणार, अशी मनाची तयारी मी केली होती.

फाटकातून आत गेलो. अंगणात दहा-बारा मुली कपडे वाळत घालत होत्या, त्यांत मंजुळा नव्हती. एका मुलीनं वळून पाहिलं. मालेगावकडची, उंच, मी तिला ओळखतही नव्हते. तिनं सोनीबाईच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, हातातला ओला परकर दोरीवर टाकला आणि हनुवटीवर तीनदा बोट टेकवलं. दुसरीनं केलं, तिसरीनं केलं. सगळ्या अंगणात सोनीबाई, सोनीबाई, सोनीबाई. एक जण आत पळाली मंजुळाला आणायला.

“बाई,” सोनीबाईनं माझा हात धरला, “ह्यांना मी कशी ठाऊक?”

तिला खरं वाटेना. तिनं हळूच, परीक्षा बघितल्यासारखी, लंगड्या बैलाची खूण केली. मुली खिदळायला लागल्या. त्या उंच मुलीनं बैल कसा लंगडतो ते चालून दाखवलं, आणि पाय बरोबर मागचा डावा होता. शेजारीण, ओढा, भांडकुदळ सासरा, सगळा पाडा त्या अंगणात होता. शहरातल्या खुणांमध्ये मिसळून या मुली पाड्यावरच्या खुणा बिनदिक्कत वापरत होत्या. मंजुळा धावत आली तेव्हा तिची आई हात वर करून त्या सगळ्यांशी बोलत होती आणि मला कुणी काही समजावून सांगायला बोलावलं नाही.

परत सीबीएसवर एसटीची वाट बघताना सोनीबाई म्हणाली, “ती येल का नाय माघारी, ते नाय सांगत मी. पन मला संगं घेऊन गेलीय ती.” मग तिनं पेठची गाडी कुठे लागते ते मला विचारलं.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. जेवणं चालली होती. सोनीबाई मुलींच्या घोळक्यात होती, नागलीच्या भाकरीचे तुकडे वाटत होती. मंजुळा माझ्याजवळ आली आणि तिनं विचारलं, “तुमच्या घरी कोण?” मी म्हटलं, आई, बाबा. “नाव?”

मी हात उचलला आणि तो तसाच राहिला. इतकी वर्षं मी या भाषेत घालवली. कुठल्या मुलाच्या आजीचं काय नाव, कुणाच्या म्हशीचं काय, सगळं मला येतं. माझ्या घरातल्या कुणालाही या भाषेत नाव नव्हतं, कारण त्यांच्याविषयी मी या भाषेत कधी बोललेच नव्हते. मंजुळा वाट बघत होती. न ऐकणारं माणूस वाट बघतं तेव्हा सरळ तुमच्या तोंडाकडे बघतं, इकडेतिकडे बघून सुटका होत नाही.

“कसे दिसतात?” तिनं विचारलं.

बाबांची मिशी? चारचौघांसारखी. टोपी घालत नाहीत. मग उठून उभी राहिले आणि तिला करून दाखवलं. मी चाललेय. खांद्यावर जड बॅग. मागून एक माणूस येतोय. बॅग घेत नाही, मी देत नाही. खालून हात लावतो. मी चिडते, तो हात काढत नाही. मी पुन्हा चिडते, तो तसाच चालत राहतो.

मंजुळानं सगळं पाहिलं. मग तिनं एक मूठ आपल्या खांद्यावर ठेवली, माझ्या नावातली. दुसरा तळहात उताणा करून कमरेजवळ, बॅगेच्या बुडाखाली धरला. मान रस्त्याकडे वळवली नाही. “हे,” ती म्हणाली, आणि लगेच शेजारच्या मुलीला कोपरानं ढोसून तिला शिकवलं. मला तिथे सगळ्या मुलींसमोर रडू आलं आणि त्या दिवशी हेल्मेट नव्हतं.

घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी अजून अडखळते. मूर्तिजापूर म्हणावं तर वर्षातून दोनदा जाते. नाशिक म्हणावं तर सामान अजून धड लावलेलं नाही. पण ती खूण सुट्टीत मुलींबरोबर त्यांच्या गावोगाव गेली. पिंपळगावच्या शाळेत एका मुलानं परवा मला विचारलं, ते बॅगेखाली हातवाले तुमचे बाबा बरे आहेत का. त्यानं त्यांना पाहिलेलं नाही, मूर्तिजापूर कुठे आहे हेही त्याला माहीत नाही. मी त्याला सगळी खबर दिली, गुडघ्याच्या दुखण्यासकट. त्या दिवशी चहा आला तेव्हा मी तिथेच होते.

मग मी बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते आता निवृत्त झालेत आणि फोन इतका जवळ धरतात की नुसतं कपाळ दिसतं. आईनं फोन हातात घेऊन लांब धरला. मी मूठ खांद्यावर ठेवली आणि दुसरा हात खाली धरला.

“काय करून राह्यली वं?”

“तुमचं नाव हाये हे, बाबा. माह्या पोरींनी ठेवलं.” त्यांच्याशी बोलताना माझी बोली आपसूक फिरते. मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, “आठवते का ती बॅग?”

“आठवते नाही तं. अठरा किलो.”

मग त्यांनी आपला हात पुढे केला, तळवा वर, जिथे माझी बॅग असती त्याच्या बरोबर खाली. तसाच दोनदा वर-खाली केला, काट्यावर उभं असल्यासारखा चेहरा करून.

“काईच नाही वं यात,” बाबा म्हणाले. “रिकामी हाये. कवा येतं भरायला?”